जुनी गाडी वर्षानुवर्षं चालवायची असेल तर आधी रबराकडे आणि तेल-पाण्याकडे बघा

आमची गाडी आता १७ वर्षांची झाली, मीटरवर २ लाख ३० हजाराच्या वर आकडा गेलाय, आणि अधूनमधून कोणीतरी विचारतंच की अजून किती दिवस ओढणार हिला. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत इंजिनने आम्हाला रस्त्यात एकदाही सोडलं नाही. सोडलं ते एका वीतभर रबरी पाइपने, एकदा बॅटरीच्या टर्मिनलने आणि एकदा फॅन बेल्टने. त्यामुळे माझं मत पक्कं झालंय की जुन्या गाडीचं लोखंड सहसा दगा देत नाही, दगा देतं ते रबर आणि आतलं तेल-पाणी. आणि या दोन्ही गोष्टी नुसत्या किलोमीटरने म्हाताऱ्या होत नाहीत, तारखेने पण होतात. "आमची गाडी वर्षाला चार हजारच चालते, कशाला सर्व्हिसिंग" म्हणणाऱ्यांच्या गाड्या लवकर खिळखिळ्या होतात ते यामुळेच. गाडी उभी असली तरी ब्रेक ऑइल ओलावा ओढतंच, टायर कडक होतोच, बॅटरी उतरतेच.

सगळ्यात आधी एक वही करा. मोबाइलमध्ये केली तरी चालेल, पण आमची साधी दोनशे पानी आहे, बाबांनी गाडी घेतली तेव्हापासूनची, डॅशबोर्डच्या कप्प्यात असते आणि तिला ऑइलचे डाग पडलेत. तारीख, किलोमीटर, काय केलं, कुठल्या कंपनीचा पार्ट टाकला, बास. या वहीचा उपयोग काय ते एकदा असं कळलं की बाबांच्या अक्षरात एका महिन्यात लिहिलेलं "कूलंट थोडं टाकलं", पुढच्या महिन्यात माझ्या अक्षरात "कूलंट टाकलं, अर्धा लिटर", आणि तिसऱ्या महिन्यात मी परत टाकायला गेलो तेव्हा वरच्या दोन ओळी दिसल्या. दोघांनाही वाटत होतं की आपण एकदाच टाकलंय. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आणि बंद सिस्टीममधलं पाणी असं दर महिन्याला कमी होत नाही, कुठेतरी जातंय म्हणजे जातंयच. वॉटर पंपाच्या सीलमधून बारीक गळत होतं, खाली जमिनीवर थेंब पडायच्या आतच गरम इंजिनवर वाळून जायचं त्यामुळे दिसत नव्हतं.

वहीबरोबर गाडीचं मॅन्युअल पण काढून वाचा, खरंच वाचा. त्यात मेंटेनन्सची दोन वेळापत्रकं असतात, एक साध्या वापराचं आणि एक कठीण वापराचं, आणि कठीण वापर म्हटलं की लोकांना वाळवंट नाहीतर डोंगर डोळ्यासमोर येतात. प्रत्यक्षात त्या यादीत धूळ, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास उभं राहणं आणि दोन-तीन किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या पण असतात, म्हणजे आपण सगळे त्यातच आलो. छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोलचा अंश साठत राहतो, म्हणून अशा गाडीचं ऑइल लवकर बदलायचं.

आता त्या पाइपची गोष्ट. गाडीला नऊ वर्षं झाली होती, आठवड्यापूर्वीच एका गॅरेजमधून सर्व्हिसिंग करून आणली होती, कागदावर सगळीकडे "ओके" च्या खुणा. हायवेला एसी एकदम गरम हवा मारायला लागला, मी मनात म्हटलं गॅस संपला असेल, आणि तसाच चालवत राहिलो. टेंपरेचरचा काटा वर चढलाय हे आईने मागच्या सीटवरून दाखवलं, मी बघितलंच नव्हतं. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर सगळीकडे वाफ आणि तो कूलंटचा गोडसर वास. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, क्लिपच्या जवळ उभा चिरला होता. नंतर काढून हातात घेतला तर बाहेरून ठीक दिसत होता पण दाबल्यावर आतून करकर आवाज आला, वाळलेल्या पापडासारखा. म्हणजे कोणीतरी एकदा, फक्त एकदा, बोटांनी दाबून बघितला असता तरी कळलं असतं. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी इंजिन पूर्ण थंड असताना मी स्वतः सगळे होज दाबून बघतो, विशेषतः क्लिपपाशी. चांगला होज दाबला की दबतो आणि परत येतो. लिबलिबीत लागला, फुगलेला दिसला, किंवा कडक होऊन करकरला की बदला, आणि बदलताना वरचा खालचा दोन्ही बदला कारण दोघांचं वय एकच आहे.

काटा वर गेलाच तर काय करायचं ते पण सांगून ठेवतो. एसी बंद, लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद. थांबायला जागा मिळेपर्यंत हीटर फुल करा, घामाघूम व्हाल पण इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही, आत दाब असतो, त्या दाबामुळेच कूलंट १०० अंशाच्या वर गेलं तरी उकळत नाही आणि झाकण सैल केलं की क्षणात उकळून तोंडावर येतं. "अजून पाच किलोमीटरच राहिलेत, जाऊ हळूहळू" हा विचार म्हणजे हेड गॅस्केटचं (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलचं) बिल. आणि कूलंटच्या जागी कायम नळाचं पाणी भरत राहू नका, आत गंज आणि क्षार धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर साधारण निम्मं-निम्मं, नाहीतर तयार मिळतं ते. रंग बघून कूलंट घेऊ नका, हिरवा-लाल-निळा हा नुसता रंग आहे, आतली केमिस्ट्री वेगळी असू शकते, त्यामुळे मॅन्युअलमध्ये कुठल्या प्रकारचं लिहिलंय ते बघा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला वाट उघडणारी झडप) आणि रेडिएटरचं झाकण हे दोन छोटे पार्ट जुन्या गाडीत निमूटपणे बदलून टाकावेत, झाकणाचं रबर गेलं की दाब धरत नाही आणि मग लोक रेडिएटरला दोष देतात.

ऑइल. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून, डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, मग बघा. दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या पलीकडे भरणं पण वाईटच, बरं का. जुनं इंजिन थोडं ऑइल पितंच त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त किती पितंय ते वहीत असू द्या. हजार किलोमीटरला पाव लिटर जात असेल तर टाकत राहा आणि चालवत राहा, लिटरच्या आसपास जायला लागलं तर मात्र इंजिन उघडायचं का याचा विचार सुरू करा. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, आणि गाडी तापल्यावर पण पांढरा दाट धूर थांबत नसेल, वर कूलंट कमी होत असेल, तर आत पाणी जातंय. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ मलईसारखा थर दिसला तर तो थंडीत छोट्या फेऱ्यांमुळे पण येऊ शकतो, पण डिपस्टिकवर सुद्धा तसंच दिसलं तर गाडी चालवू नका, ओढून न्या. ऑइलमध्ये टाकायच्या त्या जादूच्या बाटल्या असतात ना, त्याबद्दल माझं मत म्हणजे ते पैसे फिल्टरवर घाला, चांगल्या कंपनीचा फिल्टर दर वेळी नवा.

टायमिंग बेल्ट हा विषय वेगळा, इथे अजिबात चालढकल नको. आधी तुमच्या इंजिनला बेल्ट आहे का चेन ते शोधा, सगळ्यांना बेल्ट नसतो. बेल्ट असेल तर तो क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडतो तो दांडा) यांना एका तालात ठेवतो, आणि बऱ्याच इंजिनांची रचना अशी असते की ताल चुकला की पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह खाली उघडा असतो. बेल्ट तुटला म्हणजे पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत बहुतेक वेळा तिथेच गाडी भंगारात जाते. आणि तो तुटण्याआधी सांगत नाही, हीच त्याची सगळ्यात वाईट खोड. मॅन्युअलमध्ये बदलायचे किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेले असतात, किलोमीटर गाडीप्रमाणे ६० हजारापासून दीड लाखापर्यंत काहीही असू शकतात, जे आधी येईल ते धरायचं. गाडी सेकंडहँड घेतली असेल आणि कधी बदलला याचा कागद नसेल तर बदललेला नाही असंच समजा. बेल्ट बदलताना टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून आणि वळवून धरणाऱ्या पुली) आणि बेल्टवर चालणारा असेल तर वॉटर पंप हे सगळं एकदमच बदलून घ्या. मजुरी सगळी तिथपर्यंत पोहोचण्याची असते, पार्टची नाही, आणि सहा महिन्यांनी पंपासाठी परत तेच सगळं उघडायला लागलं की डोक्याला हात लावायची वेळ येते. चेनवाल्यांनी पण फार खूश होऊ नये, सकाळी स्टार्ट केल्यावर समोरून दोन-तीन सेकंद खळखळ आवाज आला तर चेन नाहीतर टेन्शनर ढिला झालाय, आणि चेन लवकर जाण्याचं मोठं कारण म्हणजे ऑइल वेळेवर न बदलणं.

बाहेरचा जो पट्टा दिसतो तो वेगळा, त्याला आपण फॅन बेल्टच म्हणतो अजून. आमचा तुटला तेव्हा बॅटरीचा लाल दिवा लागला आणि स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड झालं, ही त्याची खूण. त्याला उलटा वाकवून बघा, आतल्या बाजूला आडव्या चिरा दिसल्या की बदला. नव्या प्रकारच्या पट्ट्यांना चिरा पडत नाहीत तर त्यांच्या खाचा झिजतात, त्यामुळे चिरा नाहीत म्हणून चांगला असं पण नाही.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. हे कोणी करत नाही. ते हवेतला ओलावा ओढतं, मग त्याचा उकळबिंदू खाली येतो, लांबच्या उतारावर सतत ब्रेक दाबला की आत वाफ होते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं, आणि तोच ओलावा आतून कॅलिपर आणि सिलिंडर गंजवतो ते वेगळंच. डॉट ३ का डॉट ४ (ब्रेक ऑइलचे प्रकार) ते टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नका, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते. पॅडची जाडी ३ मिमीच्या खाली गेली की बदलायचे.

गिअरबॉक्सचं ऑइल लोक विसरतातच. ऑटोमॅटिकवर तर काही कंपन्या "लाइफटाइम" लिहून मोकळ्या होतात, पण ते लाइफटाइम कोणाचं, तुमच्या गाडीचं का वॉरंटीचं, हा प्रश्न आहे. मी म्हणेन ६० ते ८० हजाराला बदला, आणि ऑटोमॅटिक किंवा सीव्हीटी (वेगवेगळे गिअर नसलेला ऑटोमॅटिक) असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच ऑइल, दुसरं "चालतं हो" असं कोणी म्हटलं तर गाडी परत घेऊन या. मॅन्युअल गिअरवाल्यांनी क्लचकडे लक्ष ठेवा, चढावर एक्सलरेटर दाबला की आरपीएम (इंजिनचे फेरे) वाढतो पण गाडी वाढत नाही म्हणजे क्लच प्लेट घसरतेय.

बॅटरीसाठी साधा मल्टिमीटर घ्या, आयुष्यभर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी १२.६ च्या आसपास व्होल्ट दाखवले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ दिसायला हवेत, दिसले नाहीत तर दोष बहुतेक वेळा बॅटरीचा नाही, अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा, वीज बनवणारा) चार्ज करत नाहीये. सेल्फ मारताना नुसता टकटक आवाज येतो तेव्हा निम्म्या वेळा बॅटरी चांगली असते आणि टर्मिनल खराब असतं, आमचं तसंच झालं होतं, पांढरी-हिरवी बुरशी धरली होती, आणि मी मात्र नवी बॅटरी घ्यायला निघालो होतो. खायचा सोडा कोमट पाण्यात घालून ब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलिन. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणारी अर्थिंगची केबल असते ती पण घासून घ्या, जुन्या गाडीतले कितीतरी भुताटकीचे फॉल्ट, म्हणजे दिवे मंद होणं, काटे नाचणं, मधेच सेन्सरचा एरर, याच गंजलेल्या अर्थिंगमुळे असतात.

आता खालची रबरं. कधी जॅक लावलात की एक काम करा, पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा (जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय कधीच नाही). एक्सेलवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) घड्या घड्यांचं रबरी बूट असतं. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस शिंतोड्यांसारखं उडालेलं दिसलं म्हणजे बूट फाटलाय. त्याच आठवड्यात बदला, नुसतं बूट आणि ग्रीस भरलं की काम होतं. नाही बदललं तर आत माती जाते आणि मग पूर्ण स्टिअरिंग फिरवून वळताना कटकटकट आवाज सुरू होतो, तेव्हा जॉइंटच गेलेला असतो. स्पीड ब्रेकरवर कुठेतरी "टक" वाजत असेल तर बहुतेक वेळा स्टॅबिलायझर लिंक किंवा लोअर आर्मचे बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या दांड्या आणि त्यांची रबरं. उभ्या गाडीत एसी लावल्यावर सगळी गाडी थरथरत असेल तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्या रबरांवर बसतं ती) तपासा. ही सगळी कामं एकेक करून करता येतात, पण एकदा सगळे बुश, माउंटिंग आणि शॉकअप एकत्र बदलून बघा, गाडी नवी झाल्यासारखी वाटते, मी खोटं नाही सांगत, आमच्याकडे बाबा पहिल्या फेरीनंतर म्हणाले "ही आपलीच गाडी का रे?"

टायरच्या कडेला DOT (डॉट) या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर असली तरी पाच-सहा वर्षांनंतर दर वर्षी बारकाईने तपासा, कडेला बारीक चिरा पडल्या की गेला, आणि दहा वर्षांच्या पुढे कितीही चांगला दिसला तरी नको. दोनच नवे घेणार असाल तर नवे मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी, कारण ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली की सावरता येत नाही. स्टेपनीत पण हवा भरा, तिचं वय पण बघा.

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की लोक एकतर घाबरतात नाहीतर त्यावर टेप लावतात. एक छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा) घेऊन ठेवा, स्टिअरिंगच्या खाली लागतो. पण एक लक्षात घ्या, कोड तक्रार सांगतो, कुठला पार्ट गेला ते सांगत नाही. पी०१७१ आला म्हणजे हवा जास्त नाहीतर इंधन कमी, आणि त्याचं कारण एक चिरलेला व्हॅक्यूम पाइप असू शकतो, परत रबरच, पण मेकॅनिक सांगणार ऑक्सिजन सेन्सर बदला. दिवा स्थिर असेल तर सवडीने दाखवा. दिवा लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल तर मात्र थांबा, मिसफायर होतोय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) जाळतं आणि तो महागातला पार्ट आहे.

डिझेलवाल्यांनी फ्युएल फिल्टरमधलं पाणी काढत राहावं आणि टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) असेल तर जोरात पळवून आल्यावर लगेच चावी बंद करू नये, अर्धा-एक मिनिट शांत चालू द्यावी. एसी थंडीच्या दिवसांत पण आठवड्यातून दहा मिनिटं लावा, आतली सील ओली राहतात.

गंजाबद्दल. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण बॉडी सडली की संपलं. दरवाजाच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात पाणी निघायला, ती मातीने बुजतात, टूथपिकने मोकळी करा. पुढच्या काचेच्या खाली जाळी असते तिथे सुकी पानं साठतात, मग पाणी केबिनमध्ये उतरतं, गालिच्याखाली ओल राहते आणि फ्लोअर आतून कुजतो, वरून काही दिसत नाही, फक्त कुबट वास येतो. समुद्राजवळ राहत असाल किंवा बर्फावर मीठ टाकतात अशा रस्त्यांवर चालवत असाल तर गाडीची खालची बाजू आणि चाकांच्या वरच्या कमानी धुणं हे वरच्या पॉलिशपेक्षा जास्त महत्त्वाचं.

मेकॅनिक एकच ठेवा, दर वेळी नवीन नको. काढलेला जुना पार्ट परत मागा, यात त्याचा अपमान नाही, चांगला माणूस स्वतःच आणून दाखवतो की हे बघा इथे झिजलंय. "काहीतरी आवाज येतोय" असं सांगू नका, कधी येतो ते सांगा, थंड असताना का गरम, वळताना का ब्रेक दाबल्यावर, कुठल्या गिअरला. पार्टच्या बाबतीत माझा नियम असा की आरसा, दिवा, दरवाज्याचं हँडल, सीट हे भंगारातून आणलेलं चालतं. ब्रेक, बेल्ट, स्टिअरिंगचे जॉइंट, होज हे नेहमी नवे आणि खात्रीच्या कंपनीचे. आणि तुमच्या मॉडेलचे पार्ट मिळणं कमी व्हायला लागलं असेल तर नेहमी लागणारे दोन-तीन घेऊन ठेवा, पण रबरी वस्तू साठवून ठेवू नका, त्या कपाटात पण म्हाताऱ्या होतात.

मग थांबायचं कधी? लोक एका मोठ्या बिलाला घाबरून गाडी काढतात. मी वहीतला मागच्या पूर्ण वर्षाचा खर्च काढतो आणि दुसऱ्या गाडीला तेवढ्या वर्षात किती गेले असते ते बाजूला लिहितो, हप्ता, इन्शुरन्स, घसारा सगळं धरून. क्लच एकदा बदलला की पुढची बरीच वर्षं बघायला नको, त्यामुळे ते बिल एकट्या या वर्षाचं नाही. पण चासीला (गाडीच्या सांगाड्याला), सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागांना किंवा सीट बेल्टच्या मुळाशी गंज लागून स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आत जायला लागला, तर हिशेब करत बसू नका, ती गाडी घरच्यांना बसवायच्या लायकीची राहिली नाही. आमच्या गाडीचं मी दर वर्षी पावसाळा संपला की हे टोचून बघतो. या वेळी पण घट्ट आहे, डाव्या मागच्या कमानीत नखाएवढा फोड आलाय, तो घासून प्रायमर मारलाय आणि वहीत तारीख टाकलीय.